न दुखणाऱ्या पायाची राखण

अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात, मिसिसिपी नदीच्या काठी, कार्व्हिल इथे सरकारी कुष्ठरोग रुग्णालय होतं. १९६६ साली तिथे डॉ. पॉल ब्रँड हे इंग्रज शल्यचिकित्सक रुजू झाले. त्यांचा जन्म १९१४ सालचा, तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरातला; आईवडील तिथे मिशनरी होते. १९४६ पासून जवळपास वीस वर्षं त्यांनी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात कुष्ठरुग्णांच्या हातापायांवर काम केलं होतं. त्या काळात कुष्ठरोग्यांची बोटं रोगामुळे ‘झडतात’ असा सार्वत्रिक समज होता. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की बोटं झडत नाहीत, ती झिजतात आणि जखमी होतात, कारण त्यांना दुखणंच कळत नाही. चटका बसला तरी हात मागे येत नाही, खडा टोचला तरी पाय उचलला जात नाही. नुकसान रोज थोडं थोडं होत राहतं.

कार्व्हिलला गेल्यावर ब्रँड यांच्या लक्षात आलं की मधुमेह्यांच्या पायाला होणाऱ्या जखमा हुबेहूब अशाच असतात. आणि त्यांनी एक धाडसी बेत आखला. नैसर्गिक वेदना गेली असेल तर कृत्रिम वेदना तयार करायची. हातमोज्यांत आणि मोज्यांत दाब मोजणारे संवेदक बसवायचे आणि दाब धोक्याच्या पातळीवर गेला की माणसाला इशारा द्यायचा. आज ज्याला आपण ‘स्मार्ट’ मोजे म्हणू, त्याचा हा पूर्वज. यंत्रणा काम करू लागली, पण माणसं तिचं ऐकेनात. कानात आवाज आला तरी हातातलं काम सोडायला कुणी तयार होईना. मग काखेत विजेचा सौम्य झटका देऊन पाहिला. तेव्हा रुग्ण काम करण्यापूर्वी झटका बंद करायचे, काम उरकायचे आणि नंतर पुन्हा सुरू करायचे. अखेर तो प्रयोग ब्रँड यांना सोडून द्यावा लागला. खरी वेदना बंद करण्याचं बटण माणसाच्या हातात नसतं, म्हणूनच ती कामाची असते, हे त्यांनी नंतर लिहून ठेवलं.

मधुमेह्यांच्या पायासाठी आज जी तंत्रं निघाली आहेत, त्यांचं यशापयश समजून घ्यायचं तर हा जुना प्रयोग लक्षात ठेवावा लागतो.

भारतात मधुमेहाचे रुग्ण किती, याचं सर्वात मोठं सर्वेक्षण भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने केलं. २०२३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा आकडा १० कोटी १० लाखांवर गेला होता. राज्यांमध्ये गोवा सर्वात वर होता. तिथे प्रौढांपैकी २६.४ टक्के लोकांना मधुमेह आढळला. म्हणजे चारांत एक. मधुमेह्यांपैकी १९ ते ३४ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी पायाला अल्सर, म्हणजे लवकर न भरणारी खोल जखम, होऊ शकते असा जागतिक अंदाज आहे. भरलेली जखम वर्षभरात पुन्हा उघडण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्के आहे आणि पाच वर्षांत ६५ टक्के. मधुमेहामुळे पाय किंवा बोट कापावं लागतं तेव्हा बहुतेक वेळा त्याची सुरुवात अशाच एका जखमेपासून झालेली असते.

ही जखम होते कशी? साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की मज्जातंतू दुबळे होतात. सगळ्यात लांबचे तंतू आधी बिघडतात, म्हणून त्रास पायाच्या बोटांपासून सुरू होतो. आधी मुंग्या येतात, रात्री तळव्याची आग होते, मग कापसावर चालल्यासारखं वाटू लागतं. काहींची चप्पल चालता चालता निसटते आणि चार पावलं गेल्यावर दुसरा कुणी सांगतो तेव्हा कळतं. याच सुमारास आग थांबते आणि रुग्णाला वाटतं, बरं वाटायला लागलं. खरं तर तिथूनच धोका वाढतो.

मज्जातंतू फक्त संवेदनाच वाहत नाहीत. पायाच्या छोट्या स्नायूंना हुकूम देणारे तंतूही बिघडतात आणि बोटं आकसून वाकडी होतात. घाम आणणारे तंतू बिघडले की कातडी कोरडी पडते, टाचांना भेगा पडतात. साखरेच्या परिणामाने स्नायुबंध कडक होतात, घोटा पुरता वाकत नाही आणि चालताना सगळा भार चवड्यावर जास्त वेळ राहतो. तिथे घट्टा धरतो. घट्टा स्वतःच कडक असल्याने त्याच्याखालच्या मांसावर आणखी दाब येतो. धडधाकट माणूस अशा वेळी नकळत पाऊल जरा वेगळं टाकतो, लंगडतो, बसतो. बधिर पायाचा माणूस त्याच जागेवर दिवसभरात हजारो वेळा भार देतो. घट्ट्याखाली रक्त साकळतं, पू होतो, आणि कातडी फुटते ती सगळ्यात शेवटी. मोज्यावर डाग दिसतो तोपर्यंत आतली जखम जुनी झालेली असते.

पण कातडी फुटण्याआधी काही दिवस, कधी काही आठवडे, ती जागा गरम होते. आतल्या मांसाला सूज आली की तिथे रक्त जास्त येतं आणि उष्णता वाढते. ब्रँड चालून आलेल्या रुग्णाचे तळवे हाताने चाचपून कुठे ऊब जास्त आहे ते पाहायचे आणि कार्व्हिलमध्ये त्यासाठी तापमान मोजण्याची साधनंही वापरली जायची. दुखणं हरवलं तरी ऊब हरवत नाही, ही या सगळ्या विषयातली सर्वात मोलाची गोष्ट आहे.

या निरीक्षणाची काटेकोर परीक्षा अमेरिकेतल्या लॉरेन्स लॅव्हरी आणि डेव्हिड आर्मस्ट्राँग या पायांच्या तज्ज्ञांनी घेतली. रुग्णांना घरी वापरायला त्वचेचं तापमान मोजणारं साधं उपकरण दिलं. दोन्ही तळव्यांवरच्या ठरावीक सहा जागा मोजायच्या, डाव्याची उजव्याशी तुलना करायची. एकाच जागी दोन पायांत २.२ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक दिसला तर चालणं कमी करायचं आणि दवाखान्यात फोन करायचा. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १७३ रुग्ण होते आणि त्यांच्यावर १५ महिने लक्ष ठेवलं गेलं. नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात २९.३ टक्के लोकांना जखम झाली, रोज आरशात तळवा काळजीपूर्वक बघणाऱ्या गटात ३०.४ टक्के लोकांना, आणि तापमान मोजणाऱ्या गटात फक्त ८.५ टक्के लोकांना. नुसत्या डोळ्यांनी पाहून जे दिसत नव्हतं ते उपकरणाला दिसत होतं.

यानंतर तंत्रज्ञान झपाट्याने पुढे गेलं. रोज सकाळी वीस सेकंद उभं राहायचं अशी एक चटई अमेरिकेत निघाली; ती दोन्ही तळव्यांचं तापमान मोजून आकडे थेट परिचारिकेकडे पाठवते. २०१७ मध्ये तिची चाचणी प्रसिद्ध झाली. १२९ रुग्णांमध्ये जेवढ्या जखमा झाल्या त्यांतल्या ९७ टक्के जखमांची चाहूल चटईने सरासरी ३७ दिवस आधी दिली. पाच आठवडे! एवढ्या वेळात चप्पल बदलता येते, घट्टा तासून घेता येतो, पायावरचा भार काढता येतो. मात्र याच चाचणीत खोट्या इशाऱ्यांचं प्रमाणही ५७ टक्के होतं, हे लपवून चालणार नाही. उगाच वाजणारी घंटा माणूस हळूहळू ऐकेनासा होतो.

ब्रँड यांची मूळ कल्पना, म्हणजे दाब वाढला की इशारा, ती इंग्लंडमधल्या मँचेस्टरमध्ये पुन्हा उभी राहिली. बुटात बसणारे संवेदक असलेले पातळ तळ आणि मनगटावर घड्याळ, अशी ती रचना. एखाद्या जागेवर बराच वेळ जास्त दाब राहिला की घड्याळ सांगतं, उठा, बसा, भार बदला. चाचणीतल्या दोन्ही गटांना तळ दिले होते, पण एकाच गटाच्या घड्याळावर इशारे येत होते. ५८ रुग्णांनी ही चाचणी पूर्ण केली. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट डिजिटल हेल्थ’मध्ये निकाल आला: इशारे मिळणाऱ्या गटात तळव्यावरच्या नव्या जखमा ७१ टक्क्यांनी कमी. जे रोज किमान साडेचार तास तळ वापरत होते त्यांना फायदा आणखी जास्त झाला. कार्व्हिलमध्ये जे जमलं नाही ते इथे का जमलं? इथल्या इशाऱ्यात शिक्षा नव्हती. काय करायचं ते सोपं होतं आणि लगेच करता येण्याजोगं होतं.

नेदरलँड्समधल्या एका चाचणीने मात्र उत्साहाला आवर घातला. तिथे ३०४ रुग्णांपैकी निम्म्यांना घरी तापमान मोजायला दिलं. एकूण हिशेब केला तर जखमा थोड्या कमी झाल्या, पण तो फरक निर्णायक म्हणावा इतका मोठा नव्हता. आकड्यांच्या आत शिरल्यावर गोष्ट स्पष्ट झाली. जागा गरम आढळल्यावर ज्यांनी चालणं खरोखर कमी केलं, त्यांच्या जखमा बऱ्याच कमी होत्या. पण गरम जागा सापडलेल्यांपैकी बहुतेकांनी चालणं कमी केलंच नव्हतं. कामं होती, बाजारहाट होता, नातवंडं होती. थर्मामीटरने आपलं काम चोख केलं होतं.

म्हणून कुणी नवं यंत्र विकायला आलं तर आधी एकच गोष्ट विचारावी: इशारा आल्यावर माझ्या दिवसात काय बदलणार? त्याचं उत्तर ठरलेलं नसेल तर सगळ्यात महागडं उपकरणही भिंतीवरचं शोभेचं घड्याळ ठरेल.

इथे व्यायामाचा प्रश्न येतो, आणि तो गुंतागुंतीचा वाटतो. भार टाकल्याने जखम होते, मग चालावं तरी कसं? कित्येक वर्षं डॉक्टरही हेच म्हणत. पाय बधिर असेल तर चालणं टाळा, पोहा, सायकल चालवा, खुर्चीत बसून हात हलवा. २००८ मध्ये अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातल्या ‘फीट फर्स्ट’ चाचणीने या सल्ल्याला हादरा दिला. बधिर पायांच्या ७९ रुग्णांपैकी निम्म्यांना पायाचे व्यायाम आणि टप्प्याटप्प्याने वाढवलेलं चालणं दिलं. वर्षभरात त्यांच्या जखमा वाढल्या नाहीत. त्यानंतर अमेरिकन डायबेटिस असोसिएशननेही चालण्यावरची जुनी मनाई मागे घेतली. इटलीतल्या एका छोट्या अभ्यासात, ज्यांचे मज्जातंतू अजून बिघडले नव्हते अशा ७८ मधुमेह्यांपैकी काहींना आठवड्याला चार तास देखरेखीखाली झपझप चालवलं गेलं. चार वर्षांनी न चालणाऱ्या गटात जवळपास ३० टक्के लोकांची संवेदना कमी झाली होती, चालणाऱ्यांमध्ये साडेसहा टक्क्यांच्या आसपास. अभ्यास लहान आहे, पण दिशा आशेची आहे.

मग जखमा होतात त्या कशाने? याचं सुंदर उत्तर आर्मस्ट्राँग यांच्याच २००४ च्या एका अभ्यासात आहे. १०० रुग्णांना पावलं मोजणारी यंत्रं लावली. ज्यांना पुढे जखम झाली ते इतरांपेक्षा जास्त चालत नव्हते, उलट कमी चालत होते. फरक असा की त्यांचं चालणं लहरी होतं. एक दिवस घरात बसून, दुसऱ्या दिवशी खूप पायपीट. जखमेच्या आधीच्या दोन आठवड्यांत हा चढउतार आणखी वाढलेला होता. रोज थोडा भार घेणारी कातडी आणि मांस हळूहळू तयार होतं. अचानक आलेला भार त्यांना पेलत नाही.

महाराष्ट्राच्या संदर्भात हे वाचलं की आषाढी वारी डोळ्यांपुढे येते. वर्षभर दुकानाच्या गादीवर किंवा कचेरीच्या खुर्चीत बसलेला, पायाची जाणीव गेलेला माणूस आळंदीहून निघतो आणि पहिल्याच दिवसापासून वीस-पंचवीस किलोमीटर चालू लागतो. तेही कधी कधी नवी चप्पल घालून, कधी नवस म्हणून अनवाणी. श्रद्धेला हात लावायचं कारण नाही. ज्याला वारीला जायचं आहे त्याने चार महिने आधीपासून चालणं वाढवत न्यावं, जुनी सवयीची पादत्राणं घ्यावीत, रोज मुक्कामी दोन्ही तळवे कुणाकडून तरी तपासून घ्यावेत. आधी जखम होऊन भरली असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय निघूच नये. देवळाच्या आवारात दुपारच्या उन्हात तापलेल्या फरशीवर अनवाणी चालून भाजलेले बधिर पाय दवाखान्यांत दर उन्हाळ्यात येतात. तळव्याला चटका जाणवला नाही, फोड मात्र आला. देवदर्शनाला जाडसर मोजे घालून जाण्यात काही गैर नाही, आणि वेळ सकाळची निवडावी.

मधुमेही पायांविषयीचे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सल्ले आज सांगतात की ज्यांना जखमेचा धोका कमी किंवा मध्यम आहे त्यांनी पाय आणि घोट्याचे व्यायाम करावेत, आणि रोजच्या चालण्यात सुमारे १,००० पावलांची वाढ सहसा सुरक्षित असते. ही वाढही एका दिवसात नव्हे, हळूहळू. ब्राझीलमधल्या साओ पाउलो विद्यापीठात इसाबेल साक्को यांच्या गटाने असे व्यायाम घरी करता यावेत म्हणून संगणकावर चालणारा कार्यक्रम तयार केला आहे. त्यातले व्यायाम आपल्याकडच्या कुठल्याही खोलीत होतात. खुर्चीत बसून पायाची बोटं एकमेकांपासून फाकवायची, पुन्हा जवळ आणायची. जमिनीवर पंचा टाकून तो बोटांनी ओढून गोळा करायचा. घोटा गोल फिरवायचा, पाऊल आपल्याकडे ओढून पोटरीला ताण द्यायचा. खिडकीचा गज धरून टाचा सावकाश उचलायच्या आणि टेकवायच्या. हेतू हा की घोटा मोकळा व्हावा, बोटांचे स्नायू जागे राहावेत आणि चवड्यावरचा भार पसरावा. जखम, फोड, रक्त साकळलेला घट्टा असेल तेव्हा मात्र हे व्यायाम आणि चालणं दोन्ही थांबवायचं. डोळ्यांच्या पडद्याचा किंवा हृदयाचा आजार असेल तर व्यायाम ठरवण्याआधी डॉक्टरांना विचारायचं, आणि इन्सुलिन घेणाऱ्याने खिशात साखर ठेवायची.

आपल्याकडची काही दुखणी परदेशी पुस्तकांत फारशी सापडत नाहीत. वर्षानुवर्षं मांडी घालून बसल्याने घोट्याच्या बाहेरच्या हाडावर घट्टा होतो आणि तिथेच जखम होते. रात्री उंदीर बधिर बोटं कुरतडतो आणि सकाळी अंथरुणावर रक्त दिसतं तेव्हा कळतं. दुखतंय म्हणून नव्हे, थंडी वाजते म्हणून गरम पाण्याच्या पिशवीने पाय शेकले जातात आणि कातडी सोलून निघते. कुरूप काढायच्या औषधी पट्ट्या तर सरळ दुकानातून आणल्या जातात. त्यांतलं आम्ल चांगली कातडीही जाळतं. बधिर पायाला या पट्ट्या आणि घरची ब्लेड दोन्ही वर्ज्य आहेत.

नागपूरचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. शरद पेंडसे यांनी हे ओळखलं होतं. टांझानियातल्या दार-एस-सलामचे डॉ. झुल्फिकारअली अब्बास यांच्या जोडीने त्यांनी २००४ च्या सुमारास ‘स्टेप बाय स्टेप’ हा उपक्रम सुरू केला. एकेका दवाखान्यातून डॉक्टर आणि परिचारिका अशी जोडी बोलवायची, त्यांना पाय तपासायला आणि जखमा हाताळायला शिकवायचं, साधी साधनं द्यायची. त्या साधनांतलं एक म्हणजे नायलॉनचा धागा. तळव्यावर टेकवून दाबला की तो बरोबर दहा ग्रॅम दाबाला वाकतो. रुग्णाला डोळे मिटून तेवढा स्पर्श कळला नाही तर संरक्षण देणारी संवेदना गेली असं समजायचं. मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या चपलाही कुष्ठरोगाच्या कामातूनच मधुमेह्यांपर्यंत आल्या. चेन्नईतल्या एका अभ्यासात अशी पादत्राणं वापरणाऱ्यांना नव्या जखमा नेहमीच्या चपला वापरणाऱ्यांपेक्षा कितीतरी कमी झाल्या. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी तर वीज, बॅटरी काहीही न वापरता, दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की आतला कमानीचा भाग स्वतःच खाली बसेल आणि भार शेजारी वाटला जाईल असे तळ बनवले आहेत.

घरात काय करता येईल? नायलॉनचा धागा नसला तरी बोट आहे. रुग्णाने डोळे मिटावेत, घरातल्या कुणी त्याच्या दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला एक-दोन सेकंद अगदी हलका स्पर्श करावा. सहांपैकी दोन किंवा अधिक ठिकाणी कळलं नाही तर तज्ज्ञांकडे जावं. ही इंग्लंडमधल्या इप्सविच शहरात तयार झालेली आणि तपासून पाहिलेली पद्धत आहे. तापमानासाठी करोनाच्या काळात घरोघरी आलेलं लांबून मोजणारं उपकरण चालू शकतं, पण ते कपाळाच्या नव्हे, वस्तूच्या पृष्ठभागाच्या मापावर लावावं, कारण कपाळाच्या मापात ते आकडा आपणहून वाढवून दाखवतं. सकाळी उठल्यावर, चालण्याआधी, दर वेळी सारख्याच अंतरावरून, डाव्या-उजव्या पायाच्या त्याच त्या जागा मोजाव्यात आणि आकडे वहीत लिहावेत. सलग दोन दिवस एका जागी २.२ अंशांहून जास्त फरक दिसला तर त्या दिवसापासून चालणं कमी आणि डॉक्टरांना फोन. जखम नसताना अख्खं पाऊल गरम, लाल आणि सुजलेलं असेल तर मुरगळलं असेल म्हणून वाट पाहू नये. बधिर पायात आतली हाडं कोसळत असताना अगदी असंच दिसतं, आणि त्या वेळी पायावर एक पाऊलही टाकणं घातक ठरतं.

तपासणी किती वेळा करायची हे धोक्यावर ठरतं. संवेदना आणि रक्तपुरवठा दोन्ही ठीक असतील तर वर्षातून एकदा पुरे. संवेदना गेली असेल तर सहा ते बारा महिन्यांनी. पूर्वी जखम झालेली असेल तर दर एक ते तीन महिन्यांनी. आपल्या दवाखान्यांत साखर मोजली जाते, रक्तदाब मोजला जातो, आणि बुटातला पाय बुटातच राहतो. गर्दीत डॉक्टरांना वेळ नसतो हे खरं आहे, म्हणून सुरुवात रुग्णाने करावी. पुढच्या वेळी तपासायला जाल तेव्हा कुणी सांगण्याची वाट न पाहता मोजे काढा, दोन्ही पाय पुढे करा आणि ते तपासून घेतल्याशिवाय उठू नका.